दूध कधी तोडायचं, हे कोण ठरवणार?

मागच्या बायकांनो, पुढं या, पंख्याखाली जागा आहे. विषय दिलाय 'बाळाचं दूध कधी सोडवावं' आणि वेळ अर्धा तास. विषयावर येतेच, पण आधी कडुनिंबाचं सांगते, बत्तीस वर्षं ते मनातून जात नाही.

माझा थोरला अकरा महिन्यांचा होता. मी नर्सिंग शिकलेली, वॉर्डात दुसऱ्या बाळंतिणींना सांगायची आणि घरात माझं काही चालत नव्हतं. सासूबाई, शेजारीण, सगळ्यांचं एकच, "दात आले की वो, पोरगं चावालंय, तोड आता. एवढं मोठं पोरगं पदराखाली घेतीस, बरं दिसतंय का?" शेवटी सासूबाईंनी पाट्यावर पाला वाटला, हिरवागार गोळा, मी तो लावला आणि पोराला घेतलं. त्यानं तोंड लावलं, थांबला, जीभ बाहेर काढली, माझ्याकडं बघितलं. आणि रडला नाही हो, इवल्याशा हातानं पुसायला लागला! पुसून परत तोंड लावलं, परत पुसलं. तिसऱ्यांदा रडला तो रात्रभर. इकडं मला गाठी झाल्या, ताप भरला, पदर ओला, आणि मी मोरीत बसून दूध पिळून टाकतेय, पलीकडच्या खोलीत पोरगं म्हशीच्या दुधाच्या वाटीला तोंड लावत नाही. सासूबाईंवर माझा राग नाही, त्यांच्या सासूनं त्यांनाही असंच करायला लावलेलं. पण दूध माझं, पोरगं माझं, आणि ठरवलं मात्र सगळ्या वाड्यानं, हे मला आजही सहन होत नाही.

आणि आपलं सगळंच असं आहे बघा. गाय व्यायली की चीक मिळावा म्हणून गवळ्याला आधीच सांगून ठेवतो, खरवस करून घरोघर वाटतो. बाळंतिणीचा पिवळा चीक मात्र 'बाळाला जड' म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला मध चाटवायचा! चीक म्हणजे बाळाची पहिली लसच समजा. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून जीवघेणी विषबाधा होऊ शकते. तसंच पाण्याचं. मे महिन्यात इथं पारा ४३-४४ वर जातो, मग आजी चमच्यानं पाणी पाजते. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं, सहा महिन्यांच्या आत वेगळं पाणी लागत नाही.

इथल्या पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या बायकांचं तर विचारू नका. मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू, शेजारी झोळीत पोर, दिवसाला हजार विड्या वळायच्या. २०१७ पासून कायद्यात २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण हिनं आज विडी वळली नाही तर आजची मजुरी नाही. तिला 'दोन वर्षं पाज' म्हणून भाषण देणं सोपं आहे. तिला मी एवढंच सांगते, पाजायच्या आधी साबणानं हात धू, झोळी तंबाखूपासून लांब बांध, पण दूध तोडू नको.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली म्हणे. तर भराभर सांगते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्या, सहा महिने फक्त आईचं दूध, मग वरचं खाणं सुरू आणि सोबत दोन वर्षं किंवा त्याच्या पुढंही दूध चालू. उष्टावण म्हणजे दूध बंद नव्हे! मऊ भात, मुगाचं वरण, ज्वारीची पेज, वर तूप, आणि दूध आहेच. सोडवायचं तर एकदम नको, पाला-मिरची नको. आधी दुपारचं एक पाजणं कमी करा, काही दिवस जाऊ द्या, मग दुसरं, रात्रीचं सगळ्यात शेवटी. पोर आजारी असताना सोडवू नका. छाती गच्च झाली तर आराम पडेल इतकंच हातानं काढा, लाल होऊन ताप आला तर डॉक्टर गाठा. कामावर जाणाऱ्यांनी दूध काढून ठेवावं, पण आपल्या उन्हाळ्यात बाहेर नको, सरळ फ्रिजमध्ये. आणि जिला आधीच थांबवावं लागलं तिला कुणी टोमणा मारू नका, तिनं काय सोसलं तिलाच माहीत.

आता प्रश्न. त्या हिरव्या इरकलीतल्या आजी मघापासून हात वर करून बसल्यात, माईक आधी त्यांना द्या.