बाटलीतला पांढरा साका

नमस्कार, श्रोतेहो.

मी समुद्रविज्ञान शिकवते. निकाल लागले की पालक मला विचारतात, "मुलीला रसायनशास्त्र आवडतं, मग समुद्रविज्ञान तिला जमेल का?" उत्तरादाखल एक प्रात्यक्षिक सांगते.

सप्टेंबरचा महिना, गोव्यात कांदोळीसमोरचा समुद्र. पाऊस ओसरलेला. आम्ही वीस-पंचवीस मीटर खोलवरचं पाणी बंद नळीत भरून वर ओढतो. पहिला नमुना प्राणवायूचा. तो रबरी नळीनं बाटलीत हळूहळू भरायचा, बुडबुडा शिरू द्यायचा नाही. शिरला तर वरची हवाच मोजली जाते. मग त्यात मँगेनीजचा क्षार आणि अल्कधर्मी आयोडाइड. विंकलर या रसायनशास्त्रज्ञाची ही १८८८ची रीत आम्ही आजही शिकवतो.

वरच्या पाण्याच्या बाटलीत प्राणवायूमुळे तपकिरी साका धरतो. तळच्या बाटलीत मात्र तो दुधासारखा पांढराच राहतो. मुलं घाबरून विचारतात, "मॅडम, औषध चुकलं का?" चुकलेलं नसतं. त्या पाण्यात प्राणवायूच जवळपास उरलेला नसतो.

असं का होतं? पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगत प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खालचं, प्राणवायू कमी असलेलं पाणी उथळ भागात चढतं. हे भौतिकशास्त्र. त्यावर पावसाचं गोडं, हलकं पाणी झाकणासारखं पसरतं, त्यामुळे हवा खाली पोचत नाही. खालून आलेल्या खतावर सूक्ष्म वनस्पती माजतात, मरून तळाशी जातात आणि जिवाणू त्या कुजवताना उरलासुरला प्राणवायू संपवतात. पुढे प्राणवायूऐवजी ते पाण्यातलं नायट्रेट वापरतात, तेही संपलं की सल्फेटची पाळी, आणि नमुन्याला सडक्या अंड्याचा वास येतो. हा वास मी कधी विसरणार नाही. तळाचे मासे तिथून हलतात, त्याची झळ थेट किनाऱ्यावरून रापण, म्हणजे मोठं जाळं, ओढणाऱ्या रापणकाराला, ट्रॉलरवाल्याला बसते.

म्हणून आमच्या वर्गात भौतिकशास्त्राचा मुलगा आणि प्राणिशास्त्राची मुलगी एकाच बाकावर बसतात. गोवा विद्यापीठ ताळगावच्या पठारावर आहे. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जवळच, दोना पावलाला. बोट लागण्याची भीती असेल तर सांगते, बोट मलाही लागायची. दोन-चार फेऱ्यांत अंगवळणी पडलं.

किनाऱ्याजवळ राहत असाल तर अर्ज भरण्याआधी एक करा. महिनाभर रोज भरतीला धक्क्याची किती पायरी बुडाली ते तिथीसह वहीत लिहा. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग, म्हणजे कमी चढणारी भरती, तुमच्याच आकड्यांतून दिसू लागेल. ती वही मुलाखतीला बरोबर आणा.