मोबाईल मशीनकडे वळवा

(भोसरीत लघुउद्योजक आणि सुपरवायझर मंडळींपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. कामगारांना मशीनवरची सुरक्षा शिकवायचं माझं ऑनलाइन सेशन चालू होतं. स्क्रीनवर बावीस चौकोन, त्यातले अठरा काळे. मी पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर बोलत होतो: दोन्ही बटणं दोन्ही हातांनी दाबायची, तरच स्ट्रोक, म्हणजे प्रेसचा फटका. हात बटणांवर असले की डायखाली, म्हणजे साच्याखाली, जात नाहीत. बोलता बोलता वाटलं, ऐकतंय कोण? एक ऑपरेटर जेवणाच्या सुट्टीत मशीनपाशीच बसून जॉइन झाला होता. त्याला म्हटलं, "दादा, मोबाईल जरा तुमच्या प्रेसकडे फिरवा."

त्यानं फिरवला. डाव्या बटणावर खोक्याच्या पुठ्ठ्याची घडी कोंबलेली आणि वरून ब्राऊन टेप. बटण कायमचं दाबलेलं, एक हात मोकळा. नव्या प्रेसवर ही युक्ती चालत नाही, प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही बटणं सोडल्याशिवाय पुढचा स्ट्रोक बसत नाही. पण आपल्याकडे जुन्या प्रेस किती आहेत, ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

रागावलो नाही. विचारलं, असं का करावं लागतं? तो थोडा थांबला आणि म्हणाला, "सर, डायची लोकेटिंग पिन झिजलीय. पीस हातानं धरला नाही तर सरकतो. रिजेक्शन माझ्या नावावर पडतं."

त्याला धोका कळत नव्हता, असं नाही. पिन बदलून हवी का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. सुपरवायझर त्याच सेशनमध्ये होते. पिन बदलली, पुठ्ठा निघाला. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ हा प्रश्न विचारू शकत नाही, म्हणून मी लाइव्ह ट्रेनिंगचा आग्रह धरतो. कामगाराला उलट बोलता आलं नाही, तर ते लाइव्ह कसलं?

आता मेन स्विचबद्दल. "मेन पाडलाय, हात घाल" हे वाक्य मी या पट्ट्यातल्या किती शॉपमध्ये ऐकलंय! मेकॅनिकल प्रेसची मोटर बंद झाली तरी फ्लायव्हील, म्हणजे ते जड चाक, फिरतच राहतं. तेवढ्यात चाकाला स्लाइडशी जोडणारा क्लच लागला तर बंद मशीन एक पूर्ण स्ट्रोक मारतं, आणि बोटांना एकच पुरतो. म्हणून चाक पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, वर-खाली होणाऱ्या स्लाइडखाली ती अडवणारा सेफ्टी ब्लॉक लावायचा, हवेच्या लाइनमधलं प्रेशर सोडायचं. मग मेनला स्वतःचं कुलूप, चावी स्वतःच्या खिशात. त्यानंतर स्टार्टचं बटण दाबून बघायचं, मशीन खरंच मेलंय ना. लोटो, म्हणजे लॉकआउट-टॅगआउट, म्हणतात ते हेच. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं. दुसऱ्याच्या कुलपावर आपला हात सोपवायचा नाही.

प्रशिक्षण देणं म्हणजे मालकाची मेहरबानी, असं अजून बऱ्याच जणांना वाटतं. १९८४ साली भोपाळ झालं आणि त्यानंतर १९८७ मध्ये १९४८ च्या कारखाना कायद्यात कलम १११-अ आलं. सुरक्षेची माहिती मिळणं आणि प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क म्हणून तिथे लिहिला गेला. हजारो माणसं गेल्यावर लिहिलेला हक्क आहे तो. हजेरीची सही घेऊन त्याची बोळवण करू नका.

अमेरिकेत ओशाचा, म्हणजे तिथल्या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, सर्वसाधारण उद्योगांसाठी दहा तासांचा कोर्स आहे, लाइव्ह ऑनलाइनही होतो. एका दिवसात साडेसात तासांच्या वर शिकवता येत नाही, त्यामुळे किमान दोन दिवस लागतातच. आणि कामगाराला कळेल त्याच भाषेत शिकवायचं, यावर त्यांचा कटाक्ष असतो. आपल्याकडे लातूर-बीडहून आलेला पोरगा, बिहारहून आलेला पोरगा, आणि समोर इंग्रजी स्लाइड! ती वाचून तो मान हलवतो, कारण नोकरीचा पहिला दिवस असतो. त्या मान हलवण्यावर विश्वास ठेवू नका. "तू मला सांग बरं, आधी काय बंद करशील?" असं विचारा.

काही गोष्टी ऑनलाइन होत नाहीत, हेही कबूल करतो. फायर एक्स्टिंग्विशरची पिन उपसून नोझल आगीच्या बुडाशी धरणं हे हातानंच करून बघावं लागतं. त्यासाठी आम्ही शॉपवर येतो.

तुमच्याकडून मला काही साध्या गोष्टी हव्या आहेत. सेशन गुरुवारी ठेवू नका. आठवड्याची एकच सुट्टी, त्या दिवशी माणूस पोरांना घेऊन कुठेतरी निघालेला असतो. रात्रपाळी सुटल्यावर तर नकोच, डोळे मिटत असतात. वेळ ड्यूटीत धरा. एका मोबाईलभोवती पाच जणांना बसवू नका, मागच्याला काही ऐकू येत नाही. एका वेळी दहा-बाराच माणसं द्या, म्हणजे मला प्रत्येकाचं मशीन बघता येईल. आणि सुपरवायझर साहेब, तुम्हीही बसा. पिन झिजलीय असं कुणी म्हणालं, तर ती बदलायची सही तुमचीच लागणार आहे.