पुढचं विमान किती लांब?

(रात्र. कॉकपिटच्या काचेतून अमेरिकेतलं डॅलस–फोर्ट वर्थ.)

समोर हजारो दिवे आहेत. त्यांतला एक पुढच्या विमानाचा. कुठला, ते शोधून बघा.

रेडिओवर कंट्रोलर विचारतो, समोर पाच मैलांवर एअरबस आहे, दिसतंय का? पायलट म्हणतो, दिसतंय. मग नजरेने अंतर राखा, कंट्रोलर सांगतो. झालं! आतापर्यंत अंतर सांभाळणं कंट्रोलरचं काम होतं, आता ते पायलटच्या गळ्यात. फार जवळ गेलं तर पुढच्या विमानाने मागे सोडलेले हवेचे भोवरे आहेतच. आणि या सगळ्यावर भिस्त कशाची, तर दोन डोळ्यांची. धुरकं आलं, दिवा शहरात मिसळला, की पायलटला कबूल करावं लागतं, आता दिसत नाही.

(कॉकपिटमधला पडदा, जवळून.)

अमेरिकन एअरलाइन्सच्या ए३२१ विमानांत मात्र आणखी एक सोय आहे. ही बाणाच्या टोकासारखी खूण म्हणजे पुढचं विमान. शेजारी त्याचा फ्लाइट नंबर. खाली उणे सात, म्हणजे ते आपल्यापेक्षा सातशे फूट खाली आहे. बाण खालच्या दिशेने, म्हणजे अजून उतरतंय. पायलट आधी ते काचेतून बघतो, मग नंबर जुळवून पडद्यावर निवडतो. एकदा निवडलं, की बाहेर दिवा हरवला तरी अंतर पडद्यावरून राखता येतं.

आता हा आकडा बघा. आपला वेग पुढच्यापेक्षा वीस नॉट, म्हणजे तासाला वीस सागरी मैल, जास्त. काचेतून हे कळणं जवळजवळ अशक्य, रात्री तर कळणारच नाही. पण असंच चालू राहिलं तर दर तीन मिनिटांना मधलं अंतर एका सागरी मैलाने घटेल. पायलट वेळीच वेग कमी करतो. ठरवलेल्या अंतराच्या आत गेलंच, तर पडदा इशारा देतो.

मोठ्या प्रवासी विमानांत टक्कर टाळणारं यंत्र, टीकॅस, असतंच, मग हे कशाला? १९९६मध्ये हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसं गेली, त्यानंतर भारतानेही टीकॅस सक्तीचं केलं. पण टीकॅस शेवटच्या क्षणाचं. वर जा किंवा खाली या, एवढंच सांगतं. डावीकडे-उजवीकडे कधीच नाही, कारण दिशेचा त्याचा अंदाज ढोबळ असतो. हा पडदा चालतो एडीएस-बीवर. ही सोय असलेलं प्रत्येक विमान उपग्रहावरून मिळालेली स्वतःची जागा, उंची आणि वेग सेकंदागणिक प्रसारित करतं. ते 'आउट'. दुसऱ्यांचं ऐकून पडद्यावर मांडणारं ते 'इन'.

(पोटोमॅक नदी, वॉशिंग्टन.)

२९ जानेवारी २०२५. लष्करी हेलिकॉप्टरने विमान दिसत असल्याचं सांगितलं आणि नजरेने अंतर राखायची परवानगी घेतली. टक्कर झाली, ६७ जणांचा जीव गेला. इतक्या कमी उंचीवर टीकॅस वर-खाली जायचा आदेश देतच नाही. त्या प्रवासी विमानात 'इन' नव्हतं. ते विमान अमेरिकन एअरलाइन्सच्याच उपकंपनीचं होतं.

अमेरिकेने २०२०मध्ये बहुतेक गजबजलेल्या आकाशात 'आउट' सक्तीचं केलं, तेव्हा 'इन' ऐच्छिक ठेवलं. अपघातांची चौकशी करणारं तिथलं मंडळ, एनटीएसबी, 'इन'ही बसवा म्हणून त्याच्या कितीतरी आधीपासून सांगत होतं.