पहिला रिपोर्ट नॉर्मल, मग दुसऱ्यांदा रक्त कशाला?

छातीत दुखतंय म्हणून माणूस कॅज्युअल्टीत आला, की दहा मिनिटांच्या आत त्याचा ईसीजी निघायला हवा. त्याच धावपळीत रक्तही घेतलं जातं, हृदयाला इजा झाली का हे सांगणाऱ्या ट्रोपोनिनच्या तपासणीसाठी.

हृदयाच्या तपासणीसाठी रक्तातली एन्झाइम मोजण्याची सुरुवात न्यूयॉर्कमध्ये १९५४ साली झाली. तेव्हा मोजायचे ते एसजीओटी. पण ते यकृतातही असतं, त्यामुळे घोटाळा व्हायचा. पुढे सीपीके-एमबी हे दुसरं एन्झाइम आलं. आज भिस्त आहे ती ट्रोपोनिनवर.

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. निरोगी माणसाच्या रक्तात ते नावापुरतंच सापडतं. रक्तपुरवठा तुटून पेशी मरू लागल्या, की ते रक्तात उतरतं. मात्र लगेच नाही. जुन्या पद्धतीच्या तपासणीत ते दिसायला तीन ते सहा तास जातात, नव्या हाय-सेन्सिटिव्हिटी तपासणीत एक ते तीन तास. म्हणजे दुखणं सुरू होऊन अर्ध्या तासात रक्त दिलं, तर हृदयविकाराचा झटका आलेला असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. नातेवाईक म्हणतात, "नॉर्मल आहे ना, मग घरी नेतो." कृपा करून नेऊ नका. एक ते तीन तासांनी, जुन्या पद्धतीत सहा तासांनी, पुन्हा रक्त घेतात. दोन आकड्यांमध्ये वाढ झाली का, हे डॉक्टरांना पाहायचं असतं.

उलट, आकडा वाढला म्हणजे झटकाच, असंही नाही. मूत्रपिंडाचा जुना आजार, हृदयाच्या स्नायूला आलेली सूज, फुप्फुसात अडकलेली गुठळी, गंभीर जंतुसंसर्ग यांतही तो वाढतो. पण अशा वेळी तो बराच वेळ त्याच पातळीवर राहिला, तर डॉक्टरांचा विचार दुसऱ्या दिशेने जातो.

आणि ईसीजीतच मोठा झटका स्पष्ट दिसत असेल, तर या रिपोर्टसाठी थांबत नाहीत. उपचार लगेच सुरू होतात.

मग तयारी काय करायची? उपाशी राहायची गरज नाही. सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वेळ: दुखणं नेमकं किती वाजता सुरू झालं? घड्याळ पाहा, कागदावर लिहा, कारण घाबरलेल्या माणसाला नंतर ते आठवत नाही. चालू औषधांच्या पट्ट्या आणि जुना ईसीजी सोबत घ्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या सुरू असतील तर तेही सांगा. काही यंत्रांवर त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. नुकताच जोरदार व्यायाम झाला असेल, तर सीपीके-एमबी त्यानेही वाढू शकतं.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम. अशा वेळी "गॅस झाला असेल" म्हणत सकाळी लॅब उघडायची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. ही तपासणी रुग्णालयातच व्हावी, जिथे ईसीजीही आहे आणि दुसरं रक्त घ्यायला माणूसही.

घरी सोडताना सगळे रिपोर्ट मागून घ्या, रक्त घेतल्याच्या वेळेसकट. दोन लॅबचे आकडे मात्र एकमेकांशी ताडून पाहू नका. यंत्र बदललं की नॉर्मलची मर्यादाही बदलते.