नाव नको, कारण सांगते

श्रोतेहो, नमस्कार. निवडणूक जवळ आली की एक वाक्य हमखास कानांवर पडते: शिकलेला माणूस विचार करून मत देतो आणि अडाणी माणूस भावनेच्या भरात. हे वाक्य बोलणारा स्वतःला बहुधा पहिल्या गटात धरतो. मला ते कधीच पटले नाही, आणि का पटले नाही हे सांगण्यासाठी मी तुम्हांला सप्टेंबर 1999 मध्ये, सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागातल्या एका वाडीवर नेतो.

त्या वर्षी महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका एकाच वेळी झाल्या. मी तेव्हा शिक्षक होतो आणि मतदान केंद्रावर माझी नेमणूक झाली होती. आदल्या संध्याकाळी मतपेट्या, शाईची बाटली, लाख, फुलीचा शिक्का असे सारे साहित्य घेऊन आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेत उतरलो. जेवणाची सोय कोतवालाने शेजारच्या आजींकडे लावली होती. पैसे आम्ही मोजून दिले, कारण निवडणुकीच्या कामात फुकटचा घास नको. पिठले हिरव्या मिरचीचे होते, आणि लाल तिखटाच्या पिठल्याला मी पिठले मानतच नाही, हे जाता जाता सांगतो. वाढता वाढता आजी मतदानाविषयी बोलू लागल्या, तेव्हा मी घाईघाईने म्हणालो, "आजी, नाव सांगू नका बरं. आम्ही मतदानाच्या कामावर आहोत."

"नाव कोन सांगतंय, गुरुजी? मी कारन सांगतीया."

आणि त्यांनी दोन कारणे सांगितली. दिल्लीचे मत त्या 1972 च्या दुष्काळाला स्मरून देणार होत्या. पाझर तलावाच्या कामावर त्यांनी खडी फोडली होती, सुकडीवर पोरे जगवली होती, आणि त्या वेळी ज्यांनी हाताला काम दिले त्यांना त्या विसरल्या नव्हत्या. मुंबईचे मत मात्र त्यांचे मालक वारले तेव्हा दारात येऊन अर्धा तास घोंगडीवर बसलेल्या आणि कोरा चहा पिऊन गेलेल्या उमेदवाराला जाणार होते. "जो मयताला येतो, त्यो नडीला बी येतो," असे त्या म्हणाल्या.

श्रोतेहो, कागदावर मांडली तर ही दोन्ही कारणे भावनेच्या रकान्यात जातील. एक कृतज्ञता, दुसरा जिव्हाळा. पण पुन्हा ऐका: जो मयताला येतो, तो नडीला येतो. पुढच्या दुष्काळात हाताला काम कोण देईल हे मागच्या दुष्काळावरून ताडणे, याहून रोखठोक हिशेब कोणता? त्यांच्या हाती जाहीरनामा कधी पडला नव्हता. दुष्काळ मात्र अंगावर पडला होता. भावना होतीच, पण त्या भावनेच्या पोटात हिशेब होता.

ज्याला आपण लाट म्हणतो, तिचेही असेच. 31 ऑक्टोबर 1984 रोजी इंदिरा गांधींची हत्या झाली आणि डिसेंबरच्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसने कर्नाटकातल्या 28 पैकी 24 जागा जिंकल्या. मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांनी राजीनामा देऊन विधानसभेची निवडणूक ओढवून घेतली, आणि मार्च 1985 मध्ये त्याच मतदारांनी त्यांच्या जनता पक्षाला 224 पैकी 139 जागा दिल्या. तीन महिने उलटायच्या आत मतदार आधी वाहवले आणि मग शहाणे झाले, असे कोणाला म्हणायचे असेल तर खुशाल म्हणो. मला त्यात दिसतात ते दोन वेगळे प्रश्न, एक दिल्लीचा आणि एक बंगळुरूचा, आमच्या आजींसारखेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी रांगेत दुसऱ्या होत्या. लोकसभेची पांढरी आणि विधानसभेची गुलाबी मतपत्रिका घेऊन त्या आडोशामागे गेल्या, आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. पोलिंग एजंट चुळबुळू लागले. शाई ओली असताना घडी घातली तर ठसा भलत्याच चिन्हावर उमटतो, हे आजींना कोणी सांगितले होते कोण जाणे. आडोशामागून फुंकर मारल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा.