हिशेबात न धरलेले ५४ यार्ड

श्रोतेहो, नमस्कार. दर वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये प्रत्येक कॉन्फरन्सचा, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाचा, सर्वोत्तम संघ जाहीर होतो. हा संघ कधीही मैदानात उतरत नाही, तो फक्त कागदावर असतो, आणि तरीही त्याच्यावरून होणारे वाद आठवडाभर शमत नाहीत. निवड समितीवर तोंडसुख घेण्याची सवय मी मुंबईहून सोबत नेली असल्यामुळे आयोवा सिटीत मला या बाबतीत परके असे कधी वाटलेच नाही. आयोवा विद्यापीठ ज्यात खेळते त्या बिग टेन कॉन्फरन्समध्ये तर दोन याद्या निघतात, एक प्रशिक्षकांच्या मतांची आणि दुसरी पत्रकारांच्या मतांची. माझा विश्वास पहिलीवर अधिक आहे, कारण ज्याला समोरून मार खावा लागला त्याला मारणाऱ्याचे बळ नेमके कळते.

परंतु २०२३ च्या यादीबद्दल बोलायचे, तर आधी त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरची गोष्ट सांगितली पाहिजे. आयोवाच्या घरच्या मैदानावर, किनिक स्टेडियममध्ये, आयोवा विरुद्ध मिनेसोटा असा सामना होता. या दोघांमध्ये जिंकणाऱ्याला करंडक म्हणून काशाचे एक डुक्कर मिळते. १९३५ साली दोन्ही राज्यांच्या गव्हर्नरांनी खऱ्या डुकराची पैज लावली होती, तिची ही आठवण. आणि चकचकीत चषकांपेक्षा असे डुक्कर मला केव्हाही अधिक प्रामाणिक वाटते. असो. मिनेसोटा १२, आयोवा १०, आणि दोन मिनिटांहूनही कमी वेळ उरलेला. मिनेसोटाने पंट मारला, म्हणजे आक्रमण अडल्यावर चेंडू पायाने दूर उडवून दिला. तो जमिनीवर उड्या घेत असताना आमच्या कूपर डीजीनने उचलला, कडेच्या रेषेला खेटून तो धावत सुटला आणि ५४ यार्ड पार करून थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे सहा गुण देणाऱ्या शेवटच्या रेषेपलीकडे, पोहोचला. माझ्या शेजारी बसलेले वृद्ध शेतकरी गृहस्थ, ज्यांनी संपूर्ण सामनाभर कानातला रेडिओ काढला नव्हता आणि माझ्याशी चार शब्दही बोलले नव्हते, त्यांनी मला अक्षरशः मिठी मारली.

त्यानंतर पंचांनी रिप्ले पाहायला घेतला. डीजीनचा पाय कडेच्या रेषेबाहेर गेला की काय, एवढीच आम्हाला धास्ती होती, आणि पाय तर आतच होता. पण निर्णय आला तो हाताचा. चेंडू झेलणाऱ्याने डोक्यावर हात उंचावून हलवला, तर त्याला कोणी धक्का द्यायचा नसतो आणि त्यानेही पुढे धावायचे नसते. हात धड उंचावला नाही आणि तरीही हलवला, तर ती अवैध खूण ठरते आणि चेंडू हाती येताच खेळ तेथेच थांबतो. डीजीनने उजव्या हाताने चेंडूकडे बोट दाखवताना डावा हात कमरेच्या आसपास हलवला होता. घोषणा ऐकूनही सभोवतालच्या लोकांना काही उमगेना. तेव्हा त्या गृहस्थांनी कानातला रेडिओ काढला, स्वतःचा डावा हात कमरेपाशी दोनदा हलवून मला दाखवला आणि ते खाली बसले. सहा गुण गेले. पुढच्या काही चालींतच आमचा पास मिनेसोटाच्या हाती गेला, आणि १९९९ नंतर प्रथमच ते किनिकमधून जिंकून, डुक्कर घेऊन परतले. १२-१०, श्रोतेहो, १२-१०.

आता यादीकडे वळू. डीजीन पहिल्या संघात आला, वर्षातील सर्वोत्तम डिफेन्सिव्ह बॅक, म्हणजे मागच्या फळीतला बचावपटू, ठरला, आणि किक व पंट परतवणाऱ्यांमधील सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. नोव्हेंबरमध्ये सरावात पायाचे हाड मोडल्यामुळे तो अखेरचे सामने खेळलाच नव्हता, हे लक्षात घेता मला धाकधूक होती. पंट मारणाऱ्यांत आमचा मेलबर्नचा टोरी टेलर निवडला गेला, आणि यावर जे हसतात त्यांनी आकडे पाहावेत: ९३ पंट, ४,४७९ यार्ड, एका हंगामातील पंटच्या यार्डांचा १९३८ पासून अबाधित असलेला विक्रम मोडला. आक्रमण इतके दुबळे की पंट मारणाराच नायक व्हावा, हा टोमणा मी मान्य करतो. आक्रमणाच्या रकान्यात आयोवाचे नाव शोधण्याचे कष्टही मी घेतले नाहीत.

माझी तक्रार राहते ती एकच. मत देणाऱ्या बहुतेकांनी ती धाव पाहिली असणार, आणि पाहिल्यावर ती कोणाच्या मनातून पुसली गेली असेल असे मला वाटत नाही; पण ती कोठेही नोंदलेली नाही. त्या हंगामात डीजीनच्या नावावर पंट परतवून केलेला टचडाउन एकच आहे, मिशिगन स्टेटविरुद्धचा, ७० यार्डांचा. माझ्या वहीत मात्र दोन आहेत.