स्टँडबायवरचा बॅकअप मध्येच का तुटतो?

मंडळी, पोस्टग्रेस डेटाबेसच्या मुख्य सर्व्हरवर भार नको म्हणून आपण पीजी-डंप (डेटाबेसची प्रत फाइलमध्ये काढणारं साधन) स्टँडबायवर, म्हणजे मुख्य सर्व्हरची नक्कल ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवर लावतो. पोस्टग्रेसच्या स्टँडबायवर क्वेरी चालवायची सोय 2010 सालच्या 9.0 आवृत्तीपासून आहे. तिथे कुणाला काही लिहिता येत नाही, मग बॅकअप अडेल कशाला, असं आपण धरून चालतो. पण लिहायची बंदी तुम्हा-आम्हाला. मुख्य सर्व्हरवर झालेला प्रत्येक बदल वॉलमधून (बदलांच्या नोंदवहीतून) तिथे येऊन लागतच असतो.

आता पीजी-डंप काय करतो? सुरुवातीलाच सगळ्या टेबलांवर हलकं लॉक घेतो, एक स्नॅपशॉट (त्या क्षणाचं डेटाचं चित्र) धरतो आणि शेवटपर्यंत सोडत नाही. मोठा डेटाबेस असेल तर हे तासन्‌तास चालतं. तेवढ्यात मुख्य सर्व्हरवर व्हॅक्यूमने जुन्या ओळी साफ केल्या, तर ती सफाई स्टँडबायवरही लागायला हवी. डंपला मात्र त्याच ओळी दिसायला हव्यात. अशा वेळी स्टँडबाय थोडा थांबतो आणि मग डंपचाच गळा धरतो.

लॉग उघडा. पहिली ओळ नेहमीची: ‘कॅन्सलिंग स्टेटमेंट ड्यू टू कॉन्फ्लिक्ट विथ रिकव्हरी’. बहुतेक जण इथेच थांबतात आणि सेटिंग बदलायला धावतात. खरं उत्तर तिच्याखालच्या डिटेलच्या ओळीत असतं. तिथे ‘रो व्हर्जन्स’चा उल्लेख असेल तर भांडण व्हॅक्यूमशी आहे. ‘रिलेशन लॉक फॉर टू लाँग’ असेल तर मुख्य सर्व्हरवर कुणीतरी अल्टर टेबल (रचना बदलणं) किंवा ट्रंकेट (टेबल रिकामं करणं) चालवलं आहे, आणि त्याचं कडक लॉक डंपच्या हलक्या लॉकशी भिडतंय. कधी कुणीच काही केलेलं नसतं. व्हॅक्यूमच टेबलाच्या शेवटची रिकामी पानं कापायला कडक लॉक घेतो. ते 12व्या आवृत्तीपासून टेबलागणिक बंद करता येतं.

हॉट_स्टँडबाय_फीडबॅक ही सेटिंग चालू केली की स्टँडबाय आपल्याला कोणत्या ओळी अजून हव्यात ते मुख्य सर्व्हरला कळवतो; त्याने पहिलं भांडण जवळजवळ मिटतं, दुसरं मिटत नाही. किंमतही आहे: मेलेल्या ओळी मुख्य सर्व्हरवर साचतात, टेबलं फुगतात. मॅक्स_स्टँडबाय_स्ट्रीमिंग_डिले, म्हणजे भांडण झालं तर स्टँडबाय किती थांबेल ती सेटिंग, मुळात 30 सेकंद असते. ही सवलत प्रत्येक क्वेरीला वेगळी मिळते, हा गैरसमज. वॉल हातात आल्यापासून तो लागेपर्यंतची ती मुदत आहे. स्टँडबाय आधीच मागे पडला असेल तर तुमच्या वाट्याला दोन सेकंदही उरत नाहीत. उणे एक (म्हणजे लागेल तेवढं थांब) ठेवलंत तर डंप वाचेल, पण त्या स्टँडबायवर रिपोर्ट पाहणाऱ्यांना शिळा डेटा दिसेल.

माझं मत विचाराल तर बॅकअपसाठी वेगळा स्टँडबाय ठेवा. डंपआधी वॉल लावणं थांबवा, डंप झाला की पुन्हा सुरू करा. येणारा वॉल तोवर डिस्कवर साठत राहतो, तेव्हा जागा आधी मोजा. फिजिकल बॅकअप (डेटाबेसच्या फाइलींचीच जशीच्या तशी प्रत) चालत असेल तर तो घेणाऱ्या पीजी-बेसबॅकअपला ही भांडणं नाहीत. मात्र बॅकअप चालू असताना त्या स्टँडबायला मुख्य सर्व्हर केलंत तर तो बॅकअप गेला.

आणखी एक, अनलॉग्ड टेबलांचा (ज्यांचे बदल वॉलमध्ये लिहिले जात नाहीत) डेटा स्टँडबायवरच्या डंपमध्ये येतच नाही, आणि त्याबद्दल एररही येत नाही.

स्क्रिप्टही तपासा. डंप पाइपने थेट जीझिपकडे (फाइल लहान करणाऱ्या साधनाकडे) दिला असेल तर डंप मेला तरी जीझिप यशस्वी ठरतो आणि ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारा क्रॉन समजतो सगळं ठीक आहे. बॅशमध्ये पाइपफेल लावा (म्हणजे पाइपमधलं काहीही फसलं तर सगळं फसलं धरलं जातं), आणि फाइल आठवड्यातून एकदा तरी खरोखर रिस्टोअर करून पाहा.